फ्रेंचांना न चालणारी घोंगडी

मित्रांनो, मला शाल म्हणू नका, आणि शेला तर मुळीच म्हणू नका. मी घोंगडी आहे. जुनी आहे, दोन ठिकाणी कसर लागलेली आहे, आणि अंगाला टोचते. टोचण्याची मला लाज वाटत नाही. ज्यांना मऊ पांघरूण हवं असेल त्यांच्यासाठी सोलापुरात रंगीत चादरींची दुकानं पुष्कळ आहेत; त्यांनी तिकडं जावं.

माझा जन्म अक्कलकोटच्या पलीकडच्या एका लहान गावात झाला. तिथं निम्मे लोक कानडी बोलतात, निम्मे मराठी, आणि भांडताना सगळे दोन्ही बोलतात. शिवप्पा सणगर मागावर बसायचा आणि त्याची बायको मायाक्का लोकर पिंजून सूत काढायची. धनगरांनी कातरून दिलेली काळी लोकर होती ती. विणून झाल्यावर मला चिंचोक्याची खळ लावली, कुंचा फिरवला आणि दोन दिवस उन्हात ताणून ठेवलं. मी इतकी ताठ झाले की जमिनीवर उभी राहिले असते. शिवप्पानं हात फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "ही इकायची न्हाय. ही घरात ऱ्हाईल." विणकराच्या घरात स्वतःचं असं पांघरूण तोवर एकही नव्हतं. त्याच्या घोंगड्या सगळ्या बाजारात जात आणि घरची माणसं पोत्यावर निजत.

मग मानमोडीची, म्हणजे त्या जीवघेण्या तापाची, साथ आली. तुमच्या आजोबांना विचारा, ते सांगतील. घरोघर माणसं पडली. शिवप्पाला हुडहुडी भरली आणि त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला, मल्लप्पालाही भरली. पांघरूण मी एकटी. मायाक्कानं मला नवऱ्यावर घातलं. सकाळी उन्हं अंगणात आल्यावर शिवप्पानं डोळे उघडले, शेजारी कुडकुडणाऱ्या मुलाकडं पाहिलं आणि मला स्वतःच्या हातानं सरकवून मुलावर टाकलं. त्याच्या बोटांत जोर नव्हता, तरी त्यानं टाकलं. दुपार व्हायच्या आत तो गेला आणि मुलगा वाचला. मी तिथं होते. मी पाहिलं आहे.

पण शेजारीपाजारी आले ते नंतर. त्यांना काय दिसलं? मेलेला माणूस उघडा आणि घोंगडी मुलाच्या अंगावर. तिकडची रीत अशी की माणसाच्या अंगावरचं शेवटचं पांघरूण त्याच्याबरोबरच जातं. ते काढून घेणं म्हणजे मेलेल्याला लुटणं. शिवप्पाची बहीण बसव्वा दारातूनच ओरडली, "मेल्याच्या अंगावरचं काढलंस की गं." मायाक्कानं मान वर केली नाही. तिनं एक शब्द काढला असता तर काम झालं असतं, पण तिनं तो काढला नाही. गावानं तो गुन्हा कबूल झाला असं धरलं. गावाला तेवढंच लागतं.

पुढं मायाक्का मुलाला घेऊन सोलापुरात आली आणि गिरणीत सूत गुंडाळायच्या कामावर लागली. तिच्या मागोमाग ती गोष्टही आली, कारण गावची माणसंही त्याच गिरणीत आली होती. बारशाला ती गेली तर बाळ तिच्या मांडीवर कुणी देत नसे. कुणाला ताप आला तर तिला दारातूनच चहा देऊन वाटेला लावत. मला नळावर धुवायला काढलं की बाया बादल्या उचलून बाजूला होत. मी त्यांच्याकडं पाहून काय म्हणत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मल्लप्पा मोठा झाला. मराठी सहा इयत्ता शिकला, गिरणीत लागला आणि संध्याकाळी वाचनालयात जाऊ लागला. त्याला नाटकांचं वेड होतं. कंपन्यांचे खेळ तो सगळ्यांत मागं उभा राहून पाही. दोन वर्षं खपून त्यानं एक नाटक लिहिलं. त्यात एक माग होता, एक आई होती, साथ होती आणि मी होते. शेवटच्या प्रवेशात आई मेलेल्या नवऱ्याच्या अंगावरची घोंगडी काढते, मुलावर घालते आणि समोरच्या लोकांकडं वळून विचारते, तुम्ही काय केलं असतं? त्याला हा प्रश्न बसव्वाआत्याला आणि गावच्या सगळ्या माणसांना भर थिएटरात विचारायचा होता. आईचं नाव त्याला धुऊन काढायचं होतं. चांगलं पोर. फक्त त्या सकाळी नेमकं काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. तो तापात होता, आणि पुढं गावानं जे सांगितलं तेच त्यानं खरं धरलं.

आता त्या दोन पंडितांकडं येते. इथून पुढं माझा आवाज चढला तर माफ करा.

नव्या पेठेत एका दुकानाच्या माडीवर एक हौशी नाट्यमंडळ होतं. मास्तर, कारकून, वकील अशी मंडळी. मंडळाच्या दहाव्या वर्धापनदिनाला त्यांना सोलापूरकराचंच नवं नाटक करायचं होतं आणि आलेलं नाटक एकच होतं, मल्लप्पाचं. गिरणीतल्या माणसाचं नाटक म्हटलं की वर्तमानपत्रात चार ओळी येतील, म्हणून त्यांनी ते घेतलं. मल्लप्पानं नाटकाची वही दिली आणि नाटकात लागेल म्हणून मलाही दिलं. त्यांनी मला घडी घालून बैठकीवर अंथरलं.

मंडळाचे कर्तेधर्ते दोन. यज्ञेश्वर मास्तर हायस्कुलात शिकवत. अंगानं किडकिडीत आणि बोलताना डोळे मिटून घेणारे. दुसरे आबासाहेब वकील. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. ही जोडी दोन हिवाळे एकाच गोष्टीवर भांडत होती. दीडदोनशे वर्षांपूर्वी नाटकाच्या बाबतीत फ्रेंच श्रेष्ठ होते की इंग्रज, हे ते भांडण. हसू नका. मी त्या दोघांच्या बुडाखाली दोन महिने होते, मी सगळं ऐकलं आहे.

मास्तर फ्रेंचांच्या बाजूचे. फ्रेंचांचा नियम असा की नाटक एकाच जागी घडावं, एका दिवसात आटपावं आणि त्यात एकच गोष्ट असावी. रंगभूमीवर कुणी मरायचं नाही. मरण आत व्हावं आणि एखाद्या सेवकानं बाहेर येऊन शंभर ओळींत ते सांगावं. पात्रं राजेराण्या असावीत, शब्द निवडक असावेत. आबासाहेब इंग्रजांच्या बाजूचे. त्यांना भुतं हवीत, वादळं हवीत, थडगं खणताना विनोद करणारी माणसं हवीत आणि शेवटी मंचावर पाचसहा मुडदे हवेत. एका फ्रेंच पंडितानं इंग्रजांच्या सगळ्यांत थोर नाटककाराला रानटी ठरवलं होतं, ते मास्तर आठवड्यातून दोनदा सांगत. त्यावर आबासाहेब सांगत की फ्रेंच नट लंडनला खेळ करायला गेले तेव्हा लोकांनी हाती लागेल ते फेकून त्यांना पळवून लावलं होतं. जणू स्वतः आबासाहेबांनीच नेम धरून फेकलं होतं.

"आणि त्याच काळात तुमच्या इंग्रजांनी म्हाताऱ्या राजाच्या शोकांतिकेला गोड शेवट चिकटवला," मास्तर एकदा डोळे मिटून म्हणाले. "मुलगी जिवंत, तिचं लग्न, सगळं आनंदी आनंद. शंभराच्या वर वर्षं तसंच चाललं. हे तुमचे स्वातंत्र्यवाले."

आबासाहेब दोन दिवस माडीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते हातरुमाल घेऊनच. इंग्रजांच्या एका नाटकात सगळा घोळ एका हातरुमालावरून होतो. फ्रेंचांनी ते नाटक आपल्याकडं आणलं तेव्हा हातरुमाल हा शब्द त्यांना हलका वाटला, म्हणून त्याच्या जागी त्यांनी हिऱ्यांची पट्टी घातली. "नाक शिंकरायची वस्तू उच्चारताना ज्यांना लाज वाटते," असं म्हणून आबासाहेबांनी तो रुमाल मास्तरांच्या नाकासमोर हलवला, "त्यांनी माणसाची दुःखं सांगू नयेत." खरं सांगते, आबासाहेबांचं तेवढं एक वाक्य मला पटलं होतं. पुढं त्यांनी तेही मातीत घातलं.

दोघांपैकी एकानंही यातलं एकही नाटक पाहिलं नव्हतं. मास्तर पुण्याच्या पुढं गेले नव्हते. त्यांना फ्रेंच येत नव्हतं. फ्रेंचांचा कैवार ते इंग्रजी पुस्तकांतून घेत. त्यात दोन वर्षांपूर्वी सोलापुरात लष्करी कायदा येऊन गेला होता आणि परदेशी मालावर बहिष्कार चालू होता. मास्तरांनी तोही डाव टाकला. इंग्रजी नाट्यतंत्र सोडून फ्रेंच धरणं हे देशकार्य आहे, असं ते खादीच्या टोपीवर हात ठेवून म्हणाले. एका परदेशाचा माल नको म्हणून दुसऱ्या परदेशाचा घ्यायचा, हा बहिष्कार मी तरी पहिल्यांदाच ऐकला.

अशा माणसांच्या हाती मल्लप्पाची वही गेली. पहिल्याच वाचनाला मास्तरांनी नाक मुरडलं.

"घोंगडी रंगभूमीवर आणता येणार नाही. तो शब्दसुद्धा नको. शेला म्हणू."

"मास्तर, आमच्या घरात शेला नव्हता की," मल्लप्पा म्हणाला.

"म्हणूनच ते घर नको. राजवाडा घेऊ. आपल्याकडं राजवाड्याचा पडदा आहेच."

हे सगळं मास्तर माझ्यावर मांडी घालून बोलत होते. रंगभूमीवर मी चालत नव्हते, बसायला चालत होते.

मग वाटणी झाली. पहिला अंक मास्तरांच्या नियमानं, दुसरा आबासाहेबांच्या नियमानं आणि तिसरा तडजोडीचा. विणकराचा राजा झाला, मायाक्काची राणी झाली, मानमोडीचा विषमज्वर झाला. राजा पडद्याआड मरायचा आणि सेवक येऊन सांगायचा. आबासाहेबांना मुडदा मिळाला नाही म्हणून त्यांनी भूत मागितलं. मास्तरांनी भूत दिलं, पण अट घातली की त्यानं शुद्ध बोलावं. मल्लप्पा कोपऱ्यात उभा राहून ऐकत असे. एकदाच म्हणाला, "तुमी शिकलेली मानसं. काय बदलायचं ते बदला. पर आईचं चुकलं न्हाई, येवढं तेवढं ऱ्हाऊ द्या." दोघांनी माना हलवल्या. माना हलवायला काय लागतं.

खेळाच्या आदल्या दिवशी मल्लप्पाला कळलं की तिसऱ्या अंकात राजाचं भूत राणीकडं शेला परत मागतं आणि राणी त्याच्या पायांवर पडून क्षमा मागते. दोघा पंडितांचं दोन हिवाळ्यांत एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर. मल्लप्पाचं तोंड उतरलं. पण जाहिराती लागल्या होत्या आणि त्यांवर त्याचं नाव मोठ्या टायपात छापलं होतं. आईला तो म्हणू शकला असता, अव्वा, उद्या येऊ नकोस. तो म्हणाला नाही. मी त्याच्यावर चौदा वर्षं माया केली, पण त्या दिवशी मला त्याचाही राग आला.

खेळ रविवारी दुपारी होता, गिरणीच्या माणसांना यायला जमावं म्हणून. मायाक्का धुतलेलं लुगडं नेसून बायकांच्या बाकांवर पुढंच बसली. दोन बाकं मागं बसव्वा होती. गावच्या पाचसहा बाया घेऊन मुद्दाम आली होती. मी आत, पडद्याच्या फटीतून बाहेरचं दिसेल अशा एका पेटीवर पडून होते. माझं कामच नव्हतं.

पहिला अंक झाला. राणीचं काम नगरपालिकेतल्या गंगाधर कारकुनाकडं होतं. मिशी काढल्यामुळं त्याला सारखं वरच्या ओठावरून बोट फिरवायची सवय लागली होती. सेवकानं राजाच्या मरणाचं वर्णन सुरू केलं तेव्हा मागचे लोक पान लावू लागले आणि ते संपलं तेव्हा पानं खाऊन झाली होती. दुसऱ्या अंकात वादळ झालं. आबासाहेबांनी पत्रा इतका बडवला की राणी काय म्हणाली ते कुणालाच कळलं नाही.

तिसऱ्या अंकाआधी आत धावपळ उडाली. भूत स्वतः आबासाहेब होणार होते. भुतासाठी आणलेली पांढरी चादर त्यांच्या पोटाला पुरेना आणि आतलं धोतर दिसू लागलं. आबासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मला उचललं. "ही काळी आहे, लांबून भयाण दिसेल," असं म्हणून त्यांनी मला डोक्यावरून ओढून घेतलं. मास्तर तोंडात बोट घालून उभे राहिले, पण घंटा झाली होती.

अशी मी रंगभूमीवर गेले मित्रांनो. राजवाड्याच्या पडद्यापुढं, वकिलाच्या टकलावर बसून. मी त्यांना मनापासून टोचले. मानेला, कानाला, दंडाला टोचले. भुतानं दोनदा पाठ खाजवली आणि पोरं हसली. पण मला पुढच्या बाकावरची मायाक्का दिसली. ती हसत नव्हती. तिला वकील दिसत नव्हता. तिला मी दिसत होते.

"राज्ञी," भूत घुमत्या आवाजात म्हणालं, "मृताच्या देहावरील शेला तू हरण केलास. तो मला परत दे."

गंगाधर कारकून पायांवर पडला. मागून एक बाई दुसरीला म्हणाली, "बगा, ह्येनीबी त्येच दावलं." ती बसव्वा होती.

तेव्हा मायाक्का उठली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण एव्हाना लोक गप्प झाले होते.

"ती काड," ती म्हणाली. "ती त्येची न्हाय. ती पोराची हाय. त्येनं दिल्याली हाय."

आबासाहेब मला धरून तसेच उभे राहिले.

"त्यो जित्ता हुता तवा," मायाक्का म्हणाली. "सोताच्या हातानं पोरावर टाकली. म्या उचलून पुन्ना त्येच्यावर घातली. त्येनं पुन्ना टाकली. म्या पुन्ना घातली. तिसऱ्या बारीला त्येनं टाकली आन् म्या न्हाय उचलली."

मित्रांनो, हे मलाही ठाऊक होतं. मी तुम्हाला मघाशी अर्धंच सांगितलं, कारण तिसऱ्या वेळचं सांगायचा हक्क माझा नव्हता.

आतून मास्तरांचा आवाज आला. प्रेक्षकानं मध्ये बोलणं हा रसभंग आहे, असं ते म्हणत होते. लगेच भुतानं मान वळवली आणि लंडनला प्रेक्षक सर्रास बोलत, असं उत्तर दिलं. राणी अजून पालथीच होती. दोघंही बोलत राहिले. समोर एक बाई चौदा वर्षांचं ओझं उतरवत होती आणि हे दोन शहाणे ते कुठल्या देशाच्या नियमात बसतं हे पाहत होते. माझ्या आयुष्यात मी उंदरांचा आणि कसरीचाही इतका तिटकारा केलेला नाही.

मल्लप्पा आतून धावत आला. त्यानं आबासाहेबांच्या अंगावरून मला ओढून काढलं आणि खाली उडी मारून आईसमोर उभा राहिला.

"अव्वा, मग तू बोलली का न्हाईस? लोक चोर म्हनत हुते."

"मेल्याचं काडलं म्हनत हुते ते बरं हुतं," मायाक्का म्हणाली. "जित्या मानसाचं काडून घेतलं आन् त्येला थंडीनं मारलं, असं म्हनले असते. आन् मला तरी कुटं ठावं हाय, म्या मारला का न्हाय त्ये." तिनं माझा काठ मुठीत धरला. "मला पोरगं पायजे हुतं."

बसव्वा बाकांमधून वाट काढत पुढं आली. "माज्या भावानं दिली?" एवढंच तिनं विचारलं.

"व्हय."

बसव्वा तिच्या शेजारी खाली बसली. चौदा वर्षांत पहिल्यांदा ती मायाक्काच्या शेजारी बसली होती. दोघी रडल्या नाहीत. मल्लप्पा मात्र रडला. आपण ज्यावर दोन वर्षं लिहिलं ते घडलंच नव्हतं, आणि जे घडलं होतं ते त्याहून मोठं होतं, हे त्याला त्या क्षणी कळलं. बापानं आपल्याला तीन वेळा पांघरूण घातलं होतं आणि आपण त्याला नाटकात आधीच मारून ठेवलं होतं, हेही त्याला कळलं असावं. पडदा कुणीतरी पाडला. पडद्यामागं फ्रेंच आणि इंग्रज अजून ऐकू येत होते.

मित्रांनो, घोंगडी कशी जपावी हे तुम्हाला तुमच्या आया सांगतील. उन्हात वाळवावी, घडीत कडुनिंबाचा पाला घालावा, ओली ठेवू नये. मला जे सांगायचं आहे ते वेगळं आहे. कुणाची बाजू घेऊन तुम्हाला जगाशी भांडायचं असेल तर अवश्य भांडा. पण त्याआधी त्या माणसाजवळ बसा आणि काय झालं ते त्याला विचारा. ते दोन पंडित मूर्ख होते, त्यांचं सोडा. त्यांनी विचारावं अशी माझी अपेक्षाच नव्हती. पण मल्लप्पाचा आईवर जीव होता. तिच्यासाठी त्यानं वहीभर लिहिलं, आणि ती सगळी वर्षं ती त्याच खोलीत, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून त्याला भाकरी वाढत होती.